हात खिशात

दि. २३ जानेवारी, गुरुवार

चि. खुडबुडीस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा होता तसाच आहे आणि माझा स्वभावही. तुझी खुशाली मला दर रविवारी कळते. म्हणजे आई फोन घेऊन स्वयंपाकघरात जाते, दार लोटून घेते आणि मला बाहेर नुसतं "हो... हो गं... अगं बाई... हो" एवढंच ऐकू येतं. त्यावरून मी अंदाज बांधतो. चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेल्या माणसाला खरखरीतून बातम्या ऐकायची सवय असते.

पत्र लिहायचं कारण म्हणजे माझ्या डोक्यात गोंधळ झालाय. तो कुणाला सांगावा कळेना. तुझ्या आईला सांगितला तर ती म्हणाली, "मला काय सांगताय, जिला सांगायचा तिला सांगा." म्हणून तुला.

दुकान बंद केल्यावर मी शाळेत जायला लागलो, हे आईनं सांगितलं असेलच. शाळेनं जुनी अडगळीची खोली रिकामी करून तिथं मेकरस्पेस काढलंय. नाव मोठं आहे, पण आहे ती ठोकाठोकीचीच खोली. मधोमध लांब टेबल, भिंतीवर हत्यारं. प्रत्येक हत्यारामागे त्याच्याच आकाराचा रंग दिलाय, त्यामुळे पक्कड जागेवर नसली की भिंतीवर पकडीचं भूत दिसतं. मुलं तिथं काहीबाही बनवतात आणि मी त्यांना शिकवतो. सोल्डर कसं करायचं, स्क्रू कसा पिळायचा, वायर कशी सोलायची.

पण गंमत ऐक. तिथं एक नियम आहे. मोठ्या माणसांनी मुलांच्या कामाला हात लावायचा नाही. तोंडानं काय ते सांगायचं. मुलांनीच पुठ्ठ्यावर लिहून दारावर चिकटवलंय: "मोठ्यांचे हात खिशात." आमच्या वेळी 'हाताची घडी, तोंडावर बोट' होतं, ते निदान पोरांना होतं! मला त्यांनी एक एप्रन शिवून दिलाय, पुढे दोन भलेमोठे खिसे. मला सगळे खिसेकाका म्हणतात.

तू कधी हात न वापरता स्क्रू पिळायला शिकवलायस? मी पहिल्या दिवशी नुसता घामाघूम झालो. "उजवीकडे... अगं तुझ्या उजवीकडे... अगं तो सरळ धर... सरळ म्हणजे सरळ!" पोरं खो खो हसत होती. खिशात हात असे शिवशिवायचे की अस्तर उसवलं. ते मीच शिवलं. त्याला नियम नव्हता.

तर आता मुद्दा. आमच्यात एक मुलगी आहे, सातवीतली. सगळे तिला चष्मिश म्हणतात, ती स्वतःही म्हणते. तिच्या आजीला अजिबात ऐकू येत नाही. दुपारी घरी आजी एकटीच असते, त्यामुळे ही शाळेतून आली की दार ठोकून ठोकून हात दुखतात, तरी दार उघडत नाही. म्हणून तिनं दिव्याची घंटा बनवली. दारावरचं बटण दाबलं की आत आजीच्या खुर्चीजवळ दिवा लागतो. तीन महिने खपली बिचारी. खोका पुठ्ठ्याचा, बटण एका डब्याच्या झाकणाचं. आणि जोड! अगं, काय सांगू तुला. सोल्डरचे नुसते गोळे. मी रोज सांगायचो, आधी जोड तापव, मग सोल्डरची तार लाव, ती वितळून आपोआप पसरेल. तिचं आपलं उलटंच.

बटणाखाली तिनं पत्र्याची एक पातळ पट्टी बसवली होती. ती एकाच टोकाला धरलेली, त्यामुळे बटण दाबलं की थरथरायची आणि दिवा नीट लागायचाच नाही. लुकलुक लुकलुक करायचा.

गेल्या शनिवारी शाळेचं प्रदर्शन होतं. आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर खोलीत मी एकटाच होतो आणि खोका समोर होता. म्हटलं, एवढ्या मेहनतीची वस्तू लोकांसमोर लुकलुकणार, पोरीचं हसं होणार. पाच मिनिटांचं काम. पट्टीच्या मुळाशी एक तुकडा लावून ती ताठ केली आणि जोड पक्का केला. दिवा असा एकटक लागला म्हणतेस, जरा म्हणून लुकलुकेना.

प्रदर्शनात तिनं आजीला खुर्चीवर बसवलं. पाहुणे, मुख्याध्यापिका बाई, सगळे भोवती. चष्मिशनं बटण दाबलं. दिवा लागला. टाळ्या पडल्या. आजी मात्र समोरच्या पताका बघत बसली. पुन्हा दाबलं, पुन्हा दिवा, आजीचं लक्षच नाही. शेवटी आजीनं मोठ्यानं विचारलं, "दाबलंस का गं?"

दिवसा उजेडात एक छोटा दिवा शांतपणे लागला तर तो कुणाच्या लक्षात येणार? लुकलुकला तर डोळा आपोआप तिकडे वळतो. तिनं ते घरी आजीवर करून बघितलं होतं, हे मला नंतर बाकीच्या पोरांनी सांगितलं. चार पट्ट्या बदलून मुद्दाम थरथरणारी निवडली होती. तो बिघाड नव्हता गं, तीच तर घंटा होती.

तिनं खोका उघडला. माझ्याकडे बघितलं. मी तिला नीट समजावून सांगितलं की तुझ्या भल्यासाठीच केलं. तिनं टेबलावरची स्वतःच्या नावाची चिठ्ठी तेवढी काढून घेतली आणि आजीला घेऊन गेली. त्यानंतर चार दिवस ती खोलीकडे फिरकलेली नाही.

आता तूच सांग, माझं चुकलं कुठे? नियम मोडला, ते कबूल. पण वाईट तर केलं नाही ना? जोड चांगलाच होता. मी रात्रंदिवस हाच विचार करतोय आणि मला काही उमगत नाही. आयुष्यभर लोक माझ्याकडे बिघडलेल्याच वस्तू घेऊन आले. धड चालणारा रेडिओ दुरुस्तीला कोण आणतो? त्यामुळे मला जे दिसेल ते बिघडलेलंच दिसत असेल का?

आई जेवायला बोलावतेय. पुढचं मग लिहितो.

शनिवार

वरचं पुन्हा वाचलं. त्यात एक खोटं आहे. खोडणार होतो, पण राहू दे.

मी तिला काहीही समजावून सांगितलं नाही. तिनं खोका उघडला आणि म्हणाली, "काका, हा जोड माझा नाही. माझे जोड एवढे सुंदर नसतात." सगळ्यांच्या देखत. आणि मी म्हणालो, "कुठला जोड?"

अगं, बारा वर्षांच्या पोरीच्या तोंडावर मी धडधडीत खोटं बोललो. तोंडातून कसं आलं मला खरंच कळलं नाही.

काल ती आली. माझ्याकडे न बघता सोल्डरिंगची कांडी तापत ठेवली. मी म्हटलं, "बाळा, तो जोड मीच केला होता. मी खोटं बोललो." ती म्हणाली, "माहितीये." मग म्हणाली, "काका, विचारायचं होतं ना. मी सांगितलं असतं." एवढंच. राग नाही, आदळआपट नाही. मला वाटत होतं निदान रडेल. मग तिनं माझ्या हातात टॉर्च दिला. "तुम्ही फक्त उजेड धरा." आणि माझा जोड वितळवून काढायला बसली. पाऊण तास लागला. मी दोन मिनिटांत काढला असता. पाऊण तास मी उजेड धरून उभा होतो.

उभा होतो तेव्हा मला तुझी फळी आठवली. अर्धं पत्र मी दुसऱ्याच्या पोरीबद्दल का लिहिलं, हे तू ओळखलंच असशील. तू लहानपणापासून हुशार.

सात महिने मी सगळ्यांना सांगतोय की माझी लेक एका फळीवरून रुसली. नव्या घरात तू स्वतः भिंतीला भोकं पाडून फळी लावलीस आणि ती तिरकी होती. तू कामावर गेलीस. माझ्याकडे चावी होती. मी जाऊन काढली, पट्टी लावून मोजली आणि सरळ लावली. संध्याकाळी तू आलीस, फळीकडे बघितलंस आणि म्हणालीस, "बाबा, चावी ठेवून जा." हे मी कुणालाच सांगितलं नाही. तुझ्या आईलाही चावी हरवली असं सांगितलंय.

ती फळी तिरकी का होती, हे मी तुला विचारलंच नाही. चुकून होती की त्यात तुझं काही होतं? मला खरंच माहीत नाही. आता विचारतोय. चुकून असली तरी सांग.

आणि चावी ठेवून मी दारात चपला घालत होतो तेव्हा तू विचारलंस, "बाबा, तो रेडिओही तुम्हीच केला होता ना? शाळेतला?" आणि मी म्हणालो, "कुठला रेडिओ?"

त्याच रेडिओचं सांगतो. या पत्रासोबतच्या पार्सलमध्ये बिस्किटांचा डबा आहे, त्यात त्यातला तुझा स्वतःचा संच आहे. तू सातवीत होतीस. शाळेतल्या स्पर्धेच्या दिवशी सकाळी तू आंघोळीला गेलीस आणि मी तुझ्या रेडिओच्या खोक्यातला संच, म्हणजे आतलं सगळं यंत्रच, काढून दुकानातला तयार संच बसवला. चार स्क्रूंचं काम. तुला सांगितलं, थोडं सैल होतं, घट्ट केलं. तुला पहिलं बक्षीस मिळालं आणि त्यानंतर तू माझ्यासमोर कधी पक्कड हातात धरली नाहीस. मला वाटायचं, पोरगी मोठी झाली, आवड बदलली. तुला वाटलं असेल, आपला वाजतच नव्हता म्हणून बाबांनी बदलला.

वाजत होता. त्या सकाळी मी तो लावून बघितला होता. आवाज बारीक होता, खरखर होती, पण बाई बातम्या वाचत होती आणि शब्दन् शब्द कळत होता. तरी मी बदलला. रेडिओवाल्याच्या पोरीचा रेडिओ खरखरतो असं लोक म्हणतील, याची मला लाज वाटली. तुझ्यासाठी केलं असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते माझ्यासाठी होतं.

तुझा संच मी टाकला नाही. का ठेवला, तेही नीट सांगता येणार नाही. डब्यात घालताना एक तार निसटलेली दिसली. लावली नाही. आता वाजतो की नाही तेही बघितलं नाही. तुझी आई साक्षीला आहे, ती समोरच बसली होती.

तुला तो उघडून बघावासा वाटला आणि कुणी उजेड धरायला हवं असेल, तर बोलाव. बेल वाजवून येईन.

हात खिशात ठेवून,
तुझा बाबा