नावावरची पट्टी

गुरुजी, काल मस्कतमध्ये तुमचं नाटक झालं. त्या विलायती नाटकाला तुम्ही आपल्या गावचं धोतर नेसवलं होतं ना, तेच. माणसं पोट धरधरून हसली. सेट माझा होता, खिडकी आणि तीन दरवाजे. इथे चाळीस वर्षं सुतारकी केली, पण रंधा मारताना हात इतके खूश कधी नव्हते. नायिका माझी नात. शाळेत सगळं इंग्रजी, त्यामुळे तिचं मराठी अडखळतं. पण तुमची वाक्यं जिभेवर बसली आणि पोर अशी बोलायला लागली, जशी राजापूरच्या बाजारात वाढलेली. वही तुमच्याच हातची. विंगेत ती धरून मी प्रॉम्प्टिंग करायचो, आठवतं? चौथीत शाळा सुटलेला मी नीट वाचायला शिकलो तो त्या वहीवर.

पण हे सुखासुखी झालं नाही. महिन्यापूर्वी हँडबिल ठरत होतं, तेव्हा मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, "काका, मूळ लेखकाचं नाव नको. पोरं मोबाईलवर शोधणार, मग विचारणार, जेलमध्ये का गेला? फॅमिली प्रोग्राम आहे आपला. आणि तुमच्या गुरुजींना इथे ओळखतो कोण? तेही राहू दे. खलास."

"मग दरवाजेही राहू देत," मी म्हटलं. "यल्ला, चला, पाना आणा, आत्ता काढतो."

"अहो काका, मग नट येणार कुठून?"

"बिननावाचं नाटक जिथून आलं, तिथून!"

सगळे हसले, सेक्रेटरीसुद्धा. पण मी पाना हातात घेऊन उभाच राहिलो, तेव्हा त्यांनी दोन्ही नावं लिहून घेतली. परतताना गाडीत नातीने विचारलंच, "आजोबा, पण का टाकलं त्याला जेलमध्ये?" तालमीत तुम्ही आम्हाला सांगितलं होतं, तेच मी तिला सांगितलं. लंडनात एकाच वेळी दोन थिएटरांत त्याची नाटकं, त्याच्या एकेका वाक्यावर बडी बडी माणसं डोलायची. मग त्याने पुरुषाला जीव लावला म्हणून खटला झाला. नाटकं लगेच बंद नाही पडली; बाहेरच्या पाट्यांवर त्याचं नाव तेवढं कागदाने झाकलं. आत हशा, बाहेर कागद. दोन वर्षं सक्तमजुरी, आणि शेवट पॅरिसच्या एका स्वस्त लॉजमध्ये. "माणूस पडला, पण त्याचं वाक्य एक पडलं नाही," असं तुम्ही म्हणायचात. नात मग म्हणाली, "हसायला तो चालतो, आणि नाव नाही चालत? सो मीन, आजोबा."

काल माईकवर आधी त्याचं नाव घेतलं, मग तुमचं. टाळ्या पडल्या. गुरुजी, माझी छाती अशी फुगली की सूनबाई कानात म्हणाली, "बाबा, श्वास सोडा आता."

टाळ्या ऐकताना मात्र मला आपल्या गावचा उत्सव दिसत होता. पेटी वाजवणारे ते गृहस्थ तुमच्या बिऱ्हाडी राहायला आले, गावात कुजबुज झाली, आणि पंच म्हणाले, नाटक होऊ दे, मास्तरांचं नाव नको. संध्याकाळी तुम्ही येता. मांडवाबाहेरच्या पाटीपाशी थांबता. तुमच्या नावावर पांढऱ्या कागदाची पट्टी. चष्मा वर सरकवून तुम्ही बघता आणि म्हणता, "लावलीय मात्र सरळ हो. कारागीर चांगला आहे." आजूबाजूचे हसतात. तुम्ही आत जाता, नाटक उभं करता. महिन्याभरात तुम्ही बदली मागून घेतलीत, आणि पुढे आली ती तुम्ही गेल्याचीच बातमी.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून तर लिहायला धीर आला. पंचांनी त्या दुपारी मला बोलावलं होतं, गुरुजी. मी नाही म्हटलं नाही. पिठाची खळ मीच शिजवली, आणि पट्टी तिरकी जाऊ नये म्हणून सुताराचा गुण्या धरून लावली.