हयात, मयत आणि मिलिसेकंद

सोमवार, ४ मार्च
नवी नोकरी, खिडकीजवळची जागा आणि चक्क न कुरकुरणारी खुर्ची! आठ महिने घरी बसून माशा मारल्यावर एवढंही पुष्कळ आहे. आमची कंपनी पेन्शन कार्यालयांना सॉफ्टवेअर पुरवते. त्यातल्या एका मायक्रोसर्व्हिसचं, म्हणजे छोट्या स्वतंत्र प्रोग्रॅमचं, काम एकच: पेन्शनरचा नंबर दिला की ‘हयात’ किंवा ‘मयत’ सांगायचं. तीच सर्व्हिस तीन टीमनी तीन वेगवेगळ्या फ्रेमवर्कमध्ये लिहिली आहे. सर्वांत वेगवान कोणती, ते मी मोजायचं. जिंकेल ती पुढच्या सोमवारपासून सगळीकडे लागणार, बाकीच्या दोन टीमना नारळ. साहेबांना पाठीमागे सगळे ‘मिलिसेकंद’ म्हणतात. उत्तरं वाचत बसू नका, फक्त वेळ मोजा, असं त्यांनी बजावलं. मला काय, पगाराशी मतलब.

मंगळवार, ५ मार्च
चाचणीसाठी खोटे नंबर बनवायचा इथे सगळ्यांना कंटाळा, म्हणून जो तो घरातल्या पेन्शनरचाच नंबर यादीत टाकतो. मी आईचा टाकला. दरवर्षी तिचा हयातीचा दाखला मीच भरते, त्यामुळे तोंडपाठ आहे. फोनवर सांगितलं तर हसत सुटली. या गुडघ्यांनी मला कसल्या शर्यतीत पळवतेस म्हणाली.
पहिली सर्व्हिस नव्वद मिलिसेकंद घेते, दुसरी सत्तर. तिसरी फक्त दोन! डेटाबेसमध्ये नुसतं डोकावायलाही याहून जास्त वेळ लागतो. अहवालात तिचं तोंडभरून कौतुक केलं.

बुधवार, ६ मार्च
रिसेप्शनवरच्या बाई आल्या नाहीत. त्यांचे वडील काल संध्याकाळी अचानक गेले. पेपर वाचता वाचता.

गुरुवार, ७ मार्च
आज शेजारच्या टेस्टरचे सासरे. दोघांचेही नंबर यादीत होते. मन खाऊ लागलं, म्हणून मंगळवारची उत्तरं उघडून वाचली. तेव्हा पहिल्या दोन सर्व्हिस दोघांनाही ‘हयात’ म्हणत होत्या. तिसरी ‘मयत’. नंतर डेटाबेसमधली नोंद आपोआप बदलली, माणूस गेला त्याच मिनिटाला. ती कोणीही लिहिलेली नाही.
तिसरीचा कोड पाहिला. ती डेटाबेसकडे जातच नाही. काही शोधत नाही. सांगून मोकळी होते, आणि मग तसं होतं.
मिलिसेकंदांना दाखवलं. उत्तरं शेवटी जुळली ना, मग चूक कुठे आहे, असं त्यांनी मलाच विचारलं. आईचं उत्तर तिन्हींकडे ‘हयात’ होतं. ते आठ महिने आठवले. मी अहवालावर सही केली. थू माझ्या जिंदगीवर.

शुक्रवार, ८ मार्च, सकाळ
शेवटची चाचणी. यादी तीच, एक लाख वेळा. बटण मीच दाबलं. या वेळी उत्तरं वाचली.
तिसरी: आई — मयत.
फोन केला. उचलला तिने! कपडे वाळत घालतेय म्हणाली. मी निघालेय —

दुपार
आईकडे. डॉक्टर येऊन गेले, सगळं उत्तम म्हणाले. रिसेप्शनवाल्या बाईंचे वडीलही उत्तमच होते. आई विचारतेय, नोकरी गेली का. नाही म्हटलं. रडू लपवायला चहा टाकायला उठले.
साहेबांना कळवलं की माझी सही मागे घेते. आता सहीची गरज नाही म्हणाले. तिसरी पास झालीय. सोमवारी सगळे पेन्शनर तिच्याकडे — सगळे — आणि वर माझं अभिनंदन!

चार वाजून दहा
लॅपटॉप मांडीवर. त्या दोघी हळू आहेत, पण खरं बघून सांगतात. त्यांनाच पुन्हा पुन्हा विचारतेय.
पहिली: हयात. दुसरी: हयात.
आई म्हणतेय, जरा पाठ टेकते. नको म्हटलं. बोलत राहा म्हटलं. काहीही बोल —
पहिली: हयात. दुसरी: हयात.
हळूच चाला गं बायांनो —
पहिली: हयात.
आई गप्प का —
दुसरी: