पंडुमाआधीच्या शेंगा

११ नोव्हेंबर
समोरचं माणूस रागावलंच नाही, नुसतं पाठ फिरवून गेलं, तर त्याची माफी कशी मागायची? मला माहीत नाही.

काल शाळेच्या बागेची तपासणी; बाग सांभाळणं माझं काम. साहेब म्हणाले, ताटात बागेतली भाजी दिसली पाहिजे, फोटो हवा. मांडवावर वालाच्या शेंगा लोंबत होत्या. मुली जागच्या हलेनात. मीच दोनदा म्हटलं, तोडा गं. तोडल्या, शिजवल्या, खाल्ल्या; फोटो निघाला. तेवढ्यात आजी आली, मुलींना बाग शिकवायला, रोजच्यासारखी. मांडवाकडे पाहिलं, मग ताटांकडे.
"खाल्लं?"
परत गेली.

१२ नोव्हें.
आई चुलीपाशी : "बीएस्सी झाली तू. पंडुम झाल्याबिगर नवं तोंडात घालत नाई, एवढंबी ठाऊक नाई तुले? आधी देवाले, मंग आपल्याले."
मी म्हटलं, सहाव्या वर्षी तुम्हीच आश्रमशाळेत टाकलं. पंडुमाच्या सणाला मी घरी होते कधी?
आईनं चुलीत लाकूड सारलं. हे बोलायला नको होतं.

१५ नोव्हें.
आजी पाच दिवस बागेत नाही. जुलैपासून एक दिवस चुकली नव्हती. बी तिचंच, वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात राखेत जपलेलं. प्रत्येक मुलीला एकेक वेल नेमून दिला. "हा तुझा. मेला तं तूच रड." मुली तिच्या मागे मागे. मीसुद्धा. सगळं लहानपण होस्टेलात गेलं, आजीजवळ बसायला या पावसाळ्यात शिकले. आणि आता...

१९ नोव्हें.
चौथीतल्या रंजूला ताप. आरोग्य केंद्रात नेलं. साधा ताप, उतरलाही. गावात मात्र एकच बोलणं, पंडुमाआधी नवं खाल्लं म्हणून. आजीनं असं अवाक्षर काढलेलं नाही. रंजूचा बाप रस्त्यात भेटला. "ताई, तू तिथी हायेस तोवर पोरगी नाई येनार. राग नोको मानू."
आज बागेत दोनच मुली.

२२ नोव्हें.
वेलावर माव्याची कीड. दोघींतली मनी विचारते, आजी राख टाके, किती टाकायची? मला माहीत नाही. पुस्तकात निंबोळी अर्क दिलाय, ते वाचून दाखवलं. मनी म्हणाली, "ताई, वेल पुस्तक वाचते का?" दोघी खिदळल्या. मीही हसले. मग मांडवामागे जाऊन रडले.

२५ नोव्हें.
गावाच्या पुजाऱ्याकडे गेले. चुकीबद्दल देवाला कोंबडं आणू का, विचारलं. "कोंबड्यानं मोकळी होऊन राह्यली का तू? म्हातारीले विचार."
आजी अंगणात झाडू बांधत होती. शेजारी बसले. काय करू, म्हटलं.
"मले काऊन विचारतेस? फोटोवाल्या सायबाले विचार."
पंधरा दिवसांतलं पहिलं वाक्य. मग झाडूची गाठ आवळत : "पोरींले ठाऊक होतं. माझ्या शब्दावर थांबल्या होत्या. तुझा शब्द मोठा निंगाला."
म्हणून त्या हलत नव्हत्या. मला वाटलं, साहेबाला लाजतात.

२८ नोव्हें.
ऑफिसचा फोन. तालुक्यात आपली बाग पहिली. 'आजी आणि नाती' असा फलक लावणार, तोच फोटो. माझं काम आणखी वर्षभर, दहा शाळांना मी शिकवायचं. आजीला घेऊन या म्हणतात. बाबांनी गावभर सांगितलं. घरातली पहिली ग्रॅज्युएट, म्हणतात, आणि माझ्याकडे बघतात.

३० नोव्हें.
काल एटापल्लीच्या ऑफिसात जाऊन काम सोडल्याचं लिहून दिलं. शेंगा पंडुमाआधी मी तोडायला लावल्या, मुलींना कळत होतं, मला नाही, हेही लिहिलं. तो फोटो लावू नका म्हटलं. मॅडम म्हणाल्या, एवढ्याशा गोष्टीसाठी? समजावून सांगायला गेले, जमलं नाही. बाबांना अजून माहीत नाही.

परत येताना रंजूच्या घरी गेले. मी आता बागेत नसते, पोरीला पाठवा. बाप म्हणाला, "पाहू."

आजीलाही सांगितलं. तिनं पाठ फिरवली नाही, ऐकून घेतलं.