ती मेंदी न्हवती

मु. पो. मुरूम

प्रिय निकिता,

फोन उचलत न्हाईस, म्हणून कागदावर गाठलं. कुलदीपच्या दुसऱ्या ऑपरेशनची तारीख तू रद्द केलीस, असं तुझ्या सासूबाई बोलल्या. एकदा जगलाय ना, आता परत कशाला कापायचं, हे तुझं म्हणणं. अगं भवाने, हेच तर मी इतकी वर्षं म्हणत होते! आपली निळ्या नखांची लेकरं तान्ही असताना पुण्याच्या त्या वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवर होती. आत्ता काळजाला जोडलेली नळी कामचलाऊ हाय, लेकरू वाढलं की पुरायची न्हाय, खरी दुरुस्ती नंतर, असं डॉक्टरांनी दोघींना एकाच बाकावर बसवून सांगितलं होतं. आपण नळीपर्यंतच ऐकलं.

यंदा माझ्या सानियाला जिना चढवेना. तिच्या बापानं, आरिफनं, माझं काही चालू दिलं न्हाय, सरळ पुणं गाठलं. सिस्टरनं बजावलं, हाताला मेंदी नको, बोटाला लावायच्या यंत्राला अडचण होती. अम्मींना हे पटेना. ईद तोंडावर आणि नातीचे हात कोरे! मी त्यांना लई दरडावलं.

मग सानियाचं काळीज थांबवलं. खरंच थांबवलं गं! रक्त यंत्रातनं फिरत होतं आणि तिच्या मुठीएवढ्या काळजात डॉक्टर भोक बुजवत होते, अरुंद वाट रुंद करत होते. परत चालू कसं केलंत, मी विचारलं. ते बोलले, आम्ही नुसतं रक्त सोडतो, ते आपलं आपण धडधडायला लागतं. या अल्ला!

आत सोडलं तर चादरीबाहेर तिची बोटं. नखं गुलाबी! माझं टाळकंच सरकलं. बाहेर येऊन अम्मींवर ओरडले, शेवटी लावलीतच ना मेंदी? बिचाऱ्या शपथा घ्यायला लागल्या. सिस्टर हसून बोलली, अहो बाई, रक्त हाय ते, तुमच्या लेकीचंच. निकिता, मी जन्म दिलेल्या पोरीचा रंग मी पहिल्यांदा बघत होते. तिथंच फरशीवर बसून रडले.

धोका असतोय, मला पण सांगितला होता. मीही लई भ्याले होते. म्हणून तुला उपदेश करत न्हाय. गुरुवारी तपासणीला पुण्याला निघतोय, वाट वाकडी करून तुझ्याकडं ढोकीला येतो. गाडीत तुमच्या दोघांची जागा धरलीय. सानिया म्हणती, कुलदीपला मीच सांगणार: लई दुखतं, खोटं न्हाय बोलणार, पण मग पळून आल्यावर बी हसायला दम उरतो. दार तेवढं उघड, बाई.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
तरन्नुम