शिरपूर सोडलं, असं मी म्हणाले

प्रिय ताई,

गुरुवार, वीस फेब्रुवारी, दुपारी बारा वाजून पस्तीस मिनिटं. सेंधव्याजवळ, मुंबईकडे जाणाऱ्या हायवेवरच्या एका ढाब्यामागे असलेलं गाड्यांचं चार्जिंग स्टेशन. मशीन क्रमांक दोन. सुरू झाल्यावर चौथ्या मिनिटाला बंद पडलं.

तक्रार अशीच लिहायची असते ना? आधी तारीख, मग वेळ, मग ठिकाण, आणि रडणं शेवटी. धुळ्याच्या वीज ऑफिसात तक्रारींच्या टेबलावर तू सगळी नोकरी काढलीस, हे तूच मला शिकवलंस. मी तशीच लिहिली. दीड पान, इंग्रजीत, नन्सनी गिरवून घेतलेल्या अक्षरात. आज, सात एप्रिलला, कंपनीचं उत्तर आलं. म्हणून तुला लिहायला बसले आहे. दुसऱ्या कुणाला दाखवू ते?

ते म्हणतात, त्या दिवशी माझ्या गाडीचं चार्जिंग यशस्वीरीत्या पूर्ण झालं. गैरसोयीबद्दल खेद आहे. तक्रार निकाली काढण्यात आली आहे.

निकाली! तू गेलीस, आणि यांच्या लेखी तक्रार निकाली निघाली!

त्या गुरुवारच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तुझा फोन आला होता. खुबा मोडून पाच दिवस धुळ्याच्या दवाखान्यात पडली होतीस, आणि आवाज असा, जणू भाजी काय करू विचारते आहेस. "बेबी, उद्या चार वाजता आत नेणार आहेत मला. त्याआधी ये."

"घाबरलीस का?"

"मी कशाला घाबरू? तुझा हात धरून आत जाईन, म्हणजे तू घाबरणार नाहीस."

सत्तर वर्षांत तू माझ्याकडे काही मागितलं होतंस का ग? मला तर आठवत नाही. मागितलंस ते एवढंच. चारच्या आत ये.

मी सकाळी आठ वाजता इंदूरहून, पलासियातल्या घरून निघाले. अडीचशे किलोमीटर. दोनपर्यंत तुझ्यापाशी असते. बसने का नाही गेले, असं सगळे आता विचारतात. तुला माहीत आहे का नाही गेले ते! ही गाडी तूच घ्यायला लावलीस. "तुला पेट्रोलच्या वासाने मळमळतं, विजेची घे. वीज दगा देत नाही." खात्याची केवढी बाजू घ्यायचीस तू! आणि पुढे म्हणालीस, "बरी झाले की तुझ्या गाडीत पुढे बसून इंदूरला येईन." म्हणून मी गाडी धुवून आणली होती. तुझ्यासाठी पुढच्या सीटवर उशी ठेवली होती, खुब्याला टेकण मिळावं म्हणून. ती अजून तिथेच आहे. काढवत नाही.

राऊ गेलं, मानपूरचा घाट गेला, सगळं छान. खलघाटला चार्जिंग करायचं ठरवलं होतं. तिथलं मशीन काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेलं, वर पाटी, 'लवकरच आपल्या सेवेत'. नकाशात मात्र चालू! मी चहावाल्याला विचारलं, हे कधी सुरू होणार? तो म्हणाला, "आंटीजी, दो दिवाली से तो हम भी यही पूछ रे हैं." पुढे निघाले. सेंधव्याशी पोचले तेव्हा गाडीत एकोणतीस टक्के उरले होते. तेवढ्यावर धुळं होत नाही. बिजासनचा घाट उतरून मध्येच कुठेतरी मी उभी राहिले असते.

ढाब्यामागे दोन मशीन्स. एक मेलेलं. दुसऱ्याला सुरतेच्या लग्नाची गाडी लावलेली, मंडळी आत जेवत होती. माझा नंबर आला बारा वाजता. आणि मग सुरू झालं, ताई. आधी फोनवर त्यांचं ॲप घ्यायचं. त्यात नाव घाला, गाडी घाला, ओटीपी घाला. ढाब्यामागे नेटवर्कच नाही! ओटीपी यायचा तो रस्त्यापलीकडे पंक्चरवाल्याच्या टपरीपाशी. तो वाचायचा, आणि ट्रक चुकवत धावत येऊन मशीनमध्ये घालायचा, तोवर त्याची मुदत संपलेली. या वयात, या गुडघ्यांनी, मी तो हायवे चार वेळा ओलांडला. पाचव्यांदा ढाब्याचे मालक स्वतः पलीकडे जाऊन उभे राहिले आणि तिथून आकडे ओरडले. मोठा माणूस, पांढऱ्या मिशा, सगळे त्यांना सेठजी म्हणत होते.

मशीन सुरू झालं. चौथ्या मिनिटाला बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. बारा पस्तीस.

हेल्पलाइनवर एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मैम, गाड़ी को थोड़ा आगे-पीछे करके देखिए."

"बेटा, गाड़ी है. पालना नहीं है," मी म्हणाले.

सेठजी हसले. "मैडमजी, गुस्सा मत करो. ये मशीन मन की मालिक है. चाय पियो."

मी चहा प्यायले नाही. मी तक्रार पुस्तक मागितलं. ते नव्हतं. मी म्हणाले, असायलाच हवं. बिचाऱ्यांनी दुधाच्या हिशेबाची वही पुढे केली. मागून दोन पानं फाडून मी बाकावर बसले आणि लिहू लागले. टू हूमसोएव्हर इट मे कन्सर्न. तुला हसू येतंय ना? मलाही आलं असतं.

अडीचनंतर कुणीतरी कुठल्या तरी शहरात बसून कसलंसं बटण दाबलं, आणि मशीन आपोआप सुरू झालं. मी त्या पडद्यावरचे आकडे बघत उभी होते. तीस. एकतीस. आठवड्याच्या तापातल्या लेकराच्या थर्मामीटरकडे बघावं तसं बघत होते. साठ टक्के झाले तेव्हा चार वाजायला पंधरा मिनिटं होती. प्लग काढला, गाडीत बसले, रस्त्याला लागते न लागते तोच तुझा फोन.

"कुठे आहेस ग?"

ताई, मी सेंधव्यात होते, शिरपूर अजून घाटापलीकडे. ढाबा अजून आरशात दिसत होता.

मी म्हणाले, "शिरपूर सोडलं. आलेच."

का म्हणाले? तुला धीर यावा म्हणून? छे. मला ओरडा बसू नये म्हणून! सत्तरीला टेकलेली बाई मी, आणि मोठ्या बहिणीच्या ओरड्याला भ्याले. तू कधी ओरडलीस तरी होतीस का मला?

पुढचं मला हेमंतने सांगितलं. तुझा मुलगा तुझ्यासारखाच, विचारल्याशिवाय सांगत नाही. चारला न्यायला आले, तेव्हा तू म्हणालीस, थांबा. माझी बहीण येते आहे. शिरपूर सोडलंय तिने. डॉक्टर म्हणाले, आजी, दहा मिनिटं. दहा झाल्यावर तू म्हणालीस, अजून दहा. नर्सला विचारलंस, शिरपूरहून इथवर किती लागतात? ती म्हणाली, तास तरी. तू म्हणालीस, ती जोरात चालवते. कॉन्व्हेंटची आहे.

चार पंचविसाला ते तुला घेऊन गेले. मी पोचले पाच चाळीसला. पलंगावर तुझा चष्मा होता आणि कंगवा. तू शुद्धीवर आलीच नाहीस. तीन दिवस मी काचेबाहेर बसले, आणि चौथ्या दिवशी सकाळी हेमंतने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

ढाब्यावर सुरू केलेलं ते दीड पान तू गेल्यावर मी पूर्ण केलं आणि पाठवलं. टक्के, वेळा, ओटीपी, नेटवर्क. माझ्या बहिणीची शेवटची इच्छा तुमच्या निष्काळजीपणामुळे राहिली, असंही लिहिलं. खाली सही, त्याखाली रेघ.

एक गोष्ट लिहिली नाही. तुला लिहिते. तुझ्यापासून लपवून आता जाऊ कुठे?

त्याआधी आपल्या शाळा आठव. बाबांनी मला कॉन्व्हेंटात घातलं आणि तुला मराठी शाळेत. एका घरात दोन मुली, आणि बाबांना फी एकीचीच झेपत होती. त्यावर तू अवाक्षर काढलं नाहीस. तुझी शाळा साडेबाराला सुटायची, माझी दोनला. आईने सांगितलेलं, बेबीला घेऊनच ये. म्हणून तू रोज माझ्या गेटबाहेर उभी राहायचीस, डोक्यावर दप्तर धरून, उन्हात.

एकदा सिस्टरने माझ्यावर परीक्षेत नक्कल केल्याचा आळ घेतला. पाचवीत होते मी. मी हटून बसले, सॉरी म्हणा, त्याशिवाय घरी जाणार नाही. दोन वाजले, तीन वाजले, चार वाजले. शेवटी सिस्टर थकल्या आणि म्हणाल्या, "ऑल राइट, चाइल्ड. आय ॲम सॉरी." मी विजयी होऊन बाहेर आले. साडेचार वाजले होते. तू तिथेच होतीस. ओठ सुकलेले, चेहरा लालबुंद. साडेबारापासून पोटात काही नव्हतं.

तू विचारलंस, "मिळालं सॉरी?"

"मिळालं."

"मग चल."

बस, एवढंच! घरापर्यंत माझं दप्तरही तूच उचललंस.

आता ऐक. एक वाजून दहा मिनिटांनी, मी त्या बाकावर बसून लिहीत असताना, ढाब्यावर जेवून एक जोडपं माझ्यापाशी आलं. इंदूरलाच मल्हारगंजात त्यांचं साड्यांचं दुकान, डिझेलच्या गाडीने नाशिकला निघालेले. सेठजींनीच त्यांना माझं सांगितलं होतं. बाई म्हणाली, "अहो मावशी, आमची मागची सीट पूर्ण मोकळी आहे. धुळ्याला दवाखान्याच्या दारात सोडतो ना तुम्हाला."

ती साठीची, आणि मी तिची मावशी! खरं सांगू? तिथेच माझं डोकं फिरलं.

नवरा म्हणाला, "चलो ना दीदी. चाबी सेठजी को दे दो, लौटते में गाड़ी उठा लेना. टेंशन काय को लेना."

सेठजींनी छातीवर हात ठेवला. "गाड़ी म्हारी जिम्मेदारी, मैडमजी."

आणि मी काय म्हणाले असेन? "थँक्यू. माझा नंबर लागलेला आहे. मशीन दुरुस्त केल्याशिवाय आणि लेखी दिल्याशिवाय मी इथून हलणार नाही. आज मी गेले तर उद्या दुसऱ्या कुणाची हीच गत करतील."

"दवाखान्यात कोण आहे, मावशी?"

"माझी मोठी बहीण."

"मग चला ना!" ती बाई जवळजवळ ओरडली. माझा दंड धरला तिने. मी तो सोडवून घेतला. "ऑपरेशन चारला आहे. पुष्कळ वेळ आहे," म्हणाले, आणि पुन्हा लिहायला लागले. गाडीत बसल्यावरही तिने काच खाली करून एकदा विचारलं. मी पेन वर केलं नाही.

ते तीनच्या सुमाराला धुळ्यात असतील, ताई. तीनच्या! तुझा हात धरायला तासभर मिळाला असता मला. केस विंचरून दिले असते तुझे. तो कंगवा तिथे तसा पडला नसता.

म्हणून तक्रारीत दुरुस्ती करते आहे. वेळ बारा पस्तीस नव्हे, एक वाजून दहा मिनिटं. मशीन क्रमांक दोन नव्हे. मशीन नालायक आहेच, कंपनी त्याहून नालायक, त्यांना मी सोडणार नाही. पण तू चार पंचविसापर्यंत थांबलीस ती मशीनसाठी नाही. पुन्हा माझ्याच गेटबाहेर उभी राहिलीस तू. आणि मी आत, सॉरी मिळवत बसलेली!

मिळालं, ताई. आजच मिळालं. छापील आहे, कंपनीच्या शिक्क्यासकट. गैरसोयीबद्दल खेद आहे. काय करू त्याचं?

हेमंत म्हणतो, मावशी, गाडी विकून टाका. मी विकणार नाही. तुला तिच्यात बसायचं होतं. उशीही राहील. आणि तुला वचन देते. यापुढे कुणीही, कुठेही, "चला, सोडतो" म्हणालं, तर मी उठेन आणि बसेन. मावशी म्हणो, आजी म्हणो, आंटीजी म्हणो. नंबर माझा असला तरी. हक्क माझा असला तरी. पेन तिथेच टाकून बसेन.

आता एकच प्रश्न. आत नेताना तू माझ्यावर रागावली होतीस का? हेमंतला विचारलं. तो म्हणाला, "नाही हो मावशी, हसत गेली." पोरगा चांगला आहे, म्हणून त्याचं मला खरं वाटत नाही. मला तुझं उत्तर हवं. आणि ते लेखी हवं. पंधरा दिवसांत प्रत्येक तक्रारीला उत्तर गेलंच पाहिजे, हा तुझाच नियम होता, त्यासाठी साहेबांशी भांडायचीस तू. आज सात तारीख. मंगळवार, बावीस एप्रिल, दुपारी चार वाजेपर्यंत मी वाट बघेन. हवं तर चार पंचविसापर्यंत.

लांबलचक नको. त्या दिवशी गेटपाशी शेवटी जे दोन शब्द म्हणालीस, तेवढेच लिही.

तुझी,
बेबी