फरशीवर, नेहमीप्रमाणे

११ मे, रविवार
आज अमरावतीच्या फ्लॅटवर राहायला आलो. टेम्पो परतवाड्याहून सकाळी सातला निघाला आणि दहाच्या आत सामान तिसऱ्या मजल्यावर पोचलंसुद्धा. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पश्चिमेला गॅलरी. पॉलिटेक्निकमधली प्रयोगशाळेची नोकरी तीच, फक्त बदली झाली आहे. जूनपर्यंत सुट्या आहेत, त्यामुळे घाई नाही.

इमारत नवी आहे. दिवे, कूलर, कुलूप, गिझर, सगळं एकमेकांना जोडलेलं, आणि हॉलच्या भिंतीवर एक पडदा. वॉचमन नत्थुजींनी तो कौतुकाने दाखवला. म्हणाले, "साहेब, या घराले तुमच्यापेक्षा जास्त समजते. फक्त चहा करत नाही." मला हसू आलं. चोवीस एप्रिलला आई गेली, त्यानंतर पहिल्यांदाच. घर आवडलं.

१२ मे
अकोल्याच्या घरून आणलेला सेन्सर स्वयंपाकघरात बसवला. तिथे आईसाठी मीच लावला होता. दुरून पाहिलं तर धूर ओळखणाऱ्या यंत्रासारखा दिसतो. त्याला कॅमेरा नाही. माणूस उभा आहे, बसला आहे की पडला आहे, आणि मिनिटाला श्वास किती, एवढंच त्याला कळतं. कोणी पडलं तर यादीतल्या लोकांना फोन जातो. यादीत पहिली मैनाबाई. ती आईच्या मागच्या गल्लीत राहते आणि आईकडे धुणीभांडी करायची. मग ताई, मग मी. भारी वस्तू, तिकडे कुलूपबंद घरात ठेवून काय करणार? पडद्यावर नाव अजून 'आईचं घर' असंच येतं. बदलीन सवडीने.

१४ मे
दुपारी राजकमल चौकात पडदे घ्यायला गेलो होतो. चारला परत आलो. भिंतीवरच्या पडद्यावर आजची नोंद अशी होती: १.४० ते ४.०५, स्वयंपाकघर, व्यक्ती फरशीवर, श्वास १६, नेहमीप्रमाणे.

जुनी नोंद चिकटून आली असावी. आई उन्हाळ्यात रोज दुपारी असंच करायची. स्वयंपाकघराच्या फरशीवर पाणी शिंपडायचं, पंख्याखाली उशाला हात घेऊन पडायचं. आमच्याकडे सगळ्याच बायका करतात. सेन्सरला मात्र ती पडली असं वाटायचं. मार्चच्या शेवटी रोज दोनला फोन वाजायचा, मैनाबाई हातातलं काम टाकून पळत यायची आणि आई तिच्यावरच हसायची. म्हणायची, "आता निजाचीबी चोरी झाली काय वं, मैने?"

१५ मे
ताईचा तिवस्याहून फोन आला. आईच्या गल्लीतल्या तीन घरांनी मैनाबाईला कामावरून काढलं. म्हातारी दुपारी दोनला पडली, फोन वाजला, आणि ही संध्याकाळी साडेसातला उगवली, असं सगळे म्हणतात. तेरवीला ताईने तिच्याकडून घराची किल्लीही मागून घेतली होती. तेव्हा मैनाबाई सगळ्यांपुढे म्हणाली, "माहा फोन वाजलाच नाही, बाप्पा." मागून कोणीतरी म्हणालं, "रिचार्ज मारला नसन." लोक हसले. मग मामांनी मला विचारलं, फोन जातो ना रे? मी म्हणालो, "पहिला तिलाच जातो."

एवढंच म्हणालो. त्यात खोटं काही नव्हतं.

ताईला आज मी म्हणालो, बघू.

आजची नोंद: १.४०, फरशीवर, श्वास १४, नेहमीप्रमाणे. मी त्या वेळी हॉलमध्ये जेवत होतो. स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं. कोणी नव्हतं.

१७ मे
हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं.

दोन एप्रिलला मी प्रयोगशाळेत होतो. मुलं समोर होती. सलग सहाव्या दिवशी फोन वाजला आणि सेन्सरने विचारलं: ही सवय आहे का? मी 'हो' दाबलं. त्यानंतर दुपारी फरशीवर पडलेल्या माणसाबद्दल तो कोणालाच फोन करत नव्हता. मैनाबाईला सांगायचं राहून गेलं. आईलाही सांगितलं नाही. चोवीस तारखेला ती खरोखर पडली. साडेपाच तास यंत्र तिच्याकडे बघत होतं आणि 'नेहमीप्रमाणे' लिहीत होतं. डॉक्टर म्हणाले, तासाभरात आणलं असतं तर.

मैनाबाईचा फोन वाजला नाही, कारण मी बंद केला होता. हे मला तेरवीच्या आधीपासून माहीत होतं. त्या दिवशीची नोंद मी दवाखान्याच्या जिन्यातच फोनवर पाहिली होती.

श्वास ११.

१८ मे
सेन्सर काढला. बॅटरी काढली. कपाटात ठेवून कुलूप लावलं.

१.४०. फरशीवर. श्वास ९. नेहमीप्रमाणे.

नत्थुजींना बोलावलं. पडदा बघून ते म्हणाले, कंपनीवाल्याले सांगतो, तार लूज असन. पण स्वयंपाकघराच्या दारातून मागे आले आणि विचारलं, सांडलं काय काही? फरशी ओली होती. पंख्याखाली. माणसाच्या लांबीएवढीच.

आज मी पाण्याला हातही लावला नव्हता.

२० मे
आता कळलं. चोवीस एप्रिलच्या नोंदीत आकडे असेच आहेत. दोनला १६, तीनला ११, पाचला ६. तिथे जे साडेपाच तासांत झालं ते इथे दिवसादिवसाने होत आहे. ती रोज थोडी थोडी —

आज ७.

पडद्यावर खाली प्रश्न आहे. ही सवय आहे का? 'हो' हिरवं आहे. 'नाही' दाबलं तर काय होईल, ते बारीक अक्षरात लिहिलंय. यादीतल्या सर्वांना फोन जाईल, आणि सोबत हेही सांगितलं जाईल: ही सूचना गजेंद्र यांनी दोन एप्रिलला बंद केली होती.

ताईला कळेल. मामांना कळेल. गल्लीला कळेल.

बोट जवळ नेलं. दाबलं नाही. फरशीकडे न बघता स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

मी असा आहे.

२१ मे
५. बाहेर गेलो. अंबादेवीच्या बाजूला उन्हात भटकलो. परत आलो तरी ५.

ताईचा फोन. मैनाबाई आता वीटभट्टीवर जाते म्हणे. या वयात, या उन्हात. ताई म्हणाली, बरं झालं.

बघू, असंही म्हटलं नाही. फोन ठेवला.

२२ मे
३.

दाराआडून ऐकू येतं. आत घेतलेला श्वास. मग खूप वेळ काही नाही. मग —

दाबलं नाही.

२३ मे, दुपार
१.४०. श्वास २.

दाबलं. नाही. ही सवय नाही. दाबलं.

१.५२
ताईचे सात फोन येऊन गेले. उचलले नाहीत.

आता मैनाबाई. उचलला. स्पीकरवर ठेवून लिहीत आहे. लिहिलं नाही तर उद्या मीच नाही म्हणेन.

ती धापा टाकते आहे. भट्टीवरून पळत आली. फोन वाजला म्हणते. बाई पडल्या, एवढंच ऐकलं, पुढचं ऐकलंच नाही, तशीच निघाली. मी सांगतो, मैनाबाई, आईच्या घरी कोणी नाही, घराला कुलूप आहे, किल्ली ताईकडे आहे.

दार उघडं आहे म्हणते.

मी म्हणतो, आत जाऊ नका.

ती आत आहे. म्हणते, "बाई फरशीवर हायेत, गजूभाऊ. श्वास हाये. बारीक चालून राहिला." ओठाला पाणी लावते. मांडीवर डोकं घेतलं म्हणते.

माझ्या स्वयंपाकघरात आवाज थांबला. पडद्यावर — फरशीवर कोणी नाही.

मैनाबाई रडते आहे. "सांगजा साऱ्याईले. या वारी वाजला फोन, अन मी आली. वेळेवर आली ना मी, भाऊ?"

हो म्हणालो. तुम्ही वेळेवर आलात.

मग ती कोणाशी तरी हळू बोलते. मग मला म्हणते, बाई विचारून राहिल्या, मागच्या वारी काहून नाही वाजला? मले काय माईत, म्हणते. तुमीच सांगा. देतो त्याईच्याजवळ.

फोन हातातून हातात गेला. बांगड्या —

श्वास. जवळ. ऐकते आहे.

आई, मैनाबाईची चूक नाही. दोन एप्रिलला मी प्रयोगशाळेत होतो. फोन वाजला आणि मी —