टापूवरची जागा

माय,

तुझ्या टेकडीला आता लोक टापू म्हणतात. धरणातले भोई तिच्या कडेला जाळी वाळवतात. खाली आपलं गाव होतं हे त्यांना सांगावं लागतं. मागच्या उन्हाळ्यात मी तिथं जाऊन आले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण हे दुसऱ्या कुणाला सांगावं ते सुचत नाही.

काकांचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात माझ्या शिवणक्लासमध्ये होते. "यंदा पाणी लय उतरलं व बाई," ते म्हणाले. "डोंगा टापूले लागते म्हनते भोई. मी जित्ता हावो तवरी चाल. मांगून तुले जागा कोन दाखवीन?" जागा म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीची. माझ्या जन्माआधी बाबांनी आणि काकांनी तिला टेकडीच्या उगवतीच्या अंगाला, पळसाखाली पुरलं. मग धरण झालं, गाव उठलं, आणि पाण्यावर फक्त टेकडीचा माथा राहिला. बाबा गेल्यावर ती जागा पाहिलेले काका एकटेच उरले होते.

मला ती बहीण कशी कळली ते तुला आठवतं का? नव्या गावातलं आपलं टिनाचं स्वयंपाकघर. उद्याच्या चांदूर बाजारच्या बाजारासाठी तू कोथिंबिरीच्या जुड्या बांधते आहेस, चुलीवर वरण शिजतं आहे. धरणाच्या भिंतीवर उभी राहून तू रोज टेकडीकडे बघायचीस, त्याचा मला राग यायचा, मैत्रिणी हसायच्या. मी म्हटलं, "काय हाय व तथी? साप अन् काटे." तुझा हात थांबला. "तुही बहीन हाय तथी," तू म्हणालीस. "पुन्हा असं बोलशीन तं थोबाड फोडीन." आणि परत जुडी बांधायला घेतलीस. मी दारातच उभी. केवढी होती, कशानं गेली, काही विचारायची हिंमत झाली नाही. वरण उतू गेलं तरी आपण दोघी हललो नाही.

त्यानंतर तू तिचं नाव काढलंस ते एकदाच, अमरावतीच्या दवाखान्यात. "एकडाव मले टेकडीवर नेजो व." बाहेर श्रावण होता, धरण काठोकाठ भरलेलं, आणि तुला उशीला टेकूनसुद्धा बसवत नव्हतं. मी "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

जायचं ठरल्यावर मी एक झबलं शिवायला घेतलं. कापड पसरलं आणि कात्री हातात धरून बसून राहिले, कारण माप माहीत नव्हतं. काकांना फोन केला. ते म्हणाले, "हातभर असन." तेवढ्यावर मी ते कापलं.

भोयाच्या डोंग्यात, त्या चिंचोळ्या होडीत, काका माझ्यासमोर बसले होते, दोन्ही हातांनी कडा धरून. निम्म्या पाण्यात आल्यावर त्यांनी मलाच विचारलं, "नाव काय ठेवलं होतं व तुह्या मायनं तिचं?" मी म्हटलं, "काका, मले कसं माहीत? तुमीच सांगा." ते म्हणाले, "आमी सारे तिले बाईच म्हनो. नाव वहिनीले ठाऊक." डोंग्याच्या खाली आपलं गाव असणार, आपलं घर, तुझा मळा. गढूळ पाण्यात काही दिसत नव्हतं.

टापूवर माती भेगाळलेली, दगडांवर पाणकावळ्यांची पांढरी विष्ठा, वर बाभळी माजलेल्या. एकही पळस नाही. गाव उठायच्या वेळी लोकांनी सगळी झाडं तोडून नेली होती, हे काकांना तिथं पोचल्यावर आठवलं. त्यांना धरून मी उगवतीच्या बाजूला नेलं आणि आम्ही दोघंही थांबलो. ती बाजूच नव्हती. इतकी वर्षं लाटांनी मुरूम खाऊन खाऊन तो अख्खा उतार पाण्यात उतरवला होता. नुसता तुटलेला कडा, आणि खाली पाणी.

"असं नोतं हे," काका म्हणाले. ते काठी टेकत इकडे गेले, तिकडे गेले, एका खुंटाजवळ वाकले, परत आले. "अंदाजानं सांगा, काका," मी म्हटलं. त्यांनी काठी उचलली आणि कड्याच्या पुढं, पाण्यावर धरली. मग ते खाली बसले आणि पाण्याकडं बघून हात जोडले. "वहिनी, माफ कर मले. लेकरू राखनं झालं नाई आमच्यानं." मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. म्हातारा माणूस लहान पोरासारखा रडत होता.

"ताई, हवा सुटून राह्यली," खालून भोई ओरडला. "लाटा वाढल्यावर डोंगा निघनार नाई. चाला!" तेव्हा काकांनीच डोळे पुसले, कड्यापासून जरा आत तीन दगड एकावर एक रचले आणि म्हणाले, "हेच समज, बाई." मी समजले. दगडाखाली झबलं ठेवलं. वारा त्याची बाही ओढत होता, म्हणून आणखी एक दगड ठेवला. हे करताना मला पक्कं माहीत होतं की त्या दगडांखाली कुणी नाही, आणि पावसाळ्यात दगडही राहणार नाहीत.

परतताना मी मागं वळून टापूकडं पाहत होते, तू भिंतीवरून बघायचीस तशी, तेव्हा मला रडू आलं. काकांना वाटलं, बहिणीसाठी. ते म्हणाले, "रडू नोको व, ती सुटली." मी मान हलवली. पण तुला खरं सांगते, माय. तिच्यासाठी नव्हतं ते, तुझ्यासाठी होतं. तिला मी ओळखतच नाही.